बडोद्याहून पॅरिसला: जादूच्या एका तळघराची नीट भेट कशी घ्यावी

पॅरिसच्या सहलीत बहुधा दोन दिवस मिळतात, आणि आयफेल टॉवर, लूव्र व बोटीची फेरी एवढे त्यांत बसवले की माणसे परतीच्या विमानात बसतात. त्या आखणीला माझा विरोध नाही. परंतु ज्यांच्या हाती एक दुपार शिल्लक असेल, आणि विशेषतः ज्यांच्याबरोबर आठ-दहा वर्षांचे एखादे मूल असेल, त्यांनी ती दुपार सँ-पोल रस्त्यावरील ११ क्रमांकाच्या घराखालच्या तळघरात घालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे रंगमंचीय जादूच्या इतिहासाचे एक छोटे खासगी संग्रहालय आहे. त्याचे फ्रेंच नाव ‘म्युझे द ला माझी’. फ्रेंच भाषेत जादूला ‘माझी’ म्हणतात हे कळल्यावर आमच्या नातवाने तत्काळ निकाल दिला, “संग्रहालय त्यांचे, पण जादू माझी!”

हे संग्रहालय १९९३ साली सुरू झाले. सोळाव्या शतकातील दगडी कमानींच्या तळघरांत जादूच्या पेट्या, कांड्या, आरसे, जाहिराती आणि चावीवर चालणाऱ्या बाहुल्या मांडलेल्या आहेत. लूव्रच्या तुलनेत ते एवढेसे आहे, आणि म्हणूनच ते पाहण्याची रीत ठाऊक नसेल तर अर्ध्या तासात ‘झाले बघून’ म्हणत माणूस बाहेर पडतो. मी स्वतः पहिल्या खेपेस तसे केले, दुसऱ्या खेपेस तीन तास रमले, आणि या दोन भेटींतील फरक नेमका कशामुळे पडला ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

निघण्यापूर्वी, बडोद्यातच

तयारीची सुरुवात विमानाच्या तिकिटापासून न करता कलाभवनापासून करावी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या या संस्थेची इमारत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण तिच्यासमोरून रोज जातात. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर येथे शिकले. चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचे धडे त्यांनी येथे घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ते एका जर्मन जादूगाराच्या संपर्कात आले आणि त्याच्याकडून हातचलाखीचे खेळ शिकले. नंतर आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी लावून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत असत.

ही माहिती पाठ करण्यासाठी नव्हे, तर पॅरिसमधील एका माणसाशी जोडून ठेवण्यासाठी सांगत आहे. जॉर्ज मेलिएस हा पॅरिसचा जादूगार. त्याने १८८८ साली रोबेर-उदँ नावाचे जादूचे नाट्यगृह विकत घेतले, आणि १८९५ च्या डिसेंबरात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिल्यावर तो सिनेमाकडे वळला. फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दोघेही आधी जादूगार आणि मग चित्रपटकार होते, हे ध्यानात असले की तळघरातील पेट्या निर्जीव राहत नाहीत. आपण आपल्याच गावातून निघालेल्या एका वाटेचे दुसरे टोक पाहायला आलो आहोत, असे वाटू लागते.

दुसरी तयारी नावांची. संग्रहालयातील माहितीफलक मुख्यतः फ्रेंचमध्ये असल्याने चार नावे डोळ्यांना आधीच ओळखीची असलेली बरी.

पहिले नाव जां-यूजेन रोबेर-उदँ. या जादूगाराचा जन्म १८०५ साली ब्ल्वा या गावी झाला आणि तो मूळ धंद्याने घड्याळजी होता. त्याचे मूळ आडनाव नुसते रोबेर. पत्नीचे माहेरचे आडनाव उदँ, तेही घड्याळजींचेच घराणे, आणि ते त्याने स्वतःच्या आडनावाला जोडून घेतले. दुसरे नाव हॅरी हुडिनी. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या या जादूगाराने उदँच्या (Houdin) नावाला शेवटी एक ‘i’ जोडून आपले रंगमंचीय नाव बनवले, आणि १९०८ साली त्याच उदँच्या विरोधात एक अख्खे पुस्तक लिहिले. तिसरे नाव मेलिएसचे. चौथे ब्युआतिए द कोल्ता, ज्याने १८८६ साली पॅरिसमध्ये खुर्चीवर बसलेली स्त्री एका वस्त्राखालून नाहीशी करून दाखवली.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तयारी. मुलाला, किंवा स्वतःला, एक खेळ शिकवावा. तीन सारख्या वाट्या आणि कापसाचे किंवा लोकरीचे तीन गोळे घेऊन ‘गोळा कोणत्या वाटीखाली’ हा खेळ आपल्याकडचे मदारी रस्त्यावर करीत आले आहेत, आणि युरोपातही तो जादूगाराच्या धंद्याचे जणू बोधचिन्ह आहे. खेळ साधला नाही तरी चालेल. चारचौघांसमोर दोनदा फसल्यावर एवढे नक्की कळते की सारी अडचण बोटांत नसून समोरच्या माणसाच्या डोळ्यांत आहे. हे एकदा कळलेला मनुष्य संग्रहालयात वेगळ्या नजरेने फिरतो.

दिवस आणि वेळ

येथे आमचा पहिला घोटाळा झाला. सहलीतील मोकळी दुपार मंगळवारी होती, आमच्या सहल कंपनीच्या माणसाने ‘संग्रहालये रोज उघडी असतात’ असे सांगितले, आणि आम्ही भर उन्हात एका बंद दरवाजासमोर जाऊन उभे राहिलो. छोटी खासगी संग्रहालये मोठ्यांच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. हे संग्रहालय नेहमीच्या आठवड्यात बुधवारी, शनिवारी आणि रविवारी दुपारी दोनपासून सातपर्यंत उघडे असते, आणि फ्रान्समधील शाळांच्या सुट्ट्यांत अधिक दिवस उघडते. यात बदल होऊ शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. दुसऱ्याच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नये.

बुधवारच का, असा प्रश्न मला पडला होता. फ्रान्समधील प्राथमिक शाळांना बुधवारी दुपारी परंपरेने सुटी असते, त्यामुळे मुलांसाठी जे जे काही असते ते बुधवारी भरते. म्हणजे मुलांबरोबर जाणाऱ्यांना बुधवार उत्तम. तेथील मुलांच्या किंकाळ्या हाही खेळाचाच भाग आहे. शांतपणे वस्तू पाहायच्या असतील तर दार उघडताना, दोनच्या ठोक्याला, पोहोचावे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिका हाती आल्याबरोबर मोकळी दुपार कोणत्या वारी येते ते तपासावे, आणि ती या तीन वारांपैकी नसेल तर खरेदीची दुपार बदलून मागावी. आग्रह धरला तर ते बहुधा ऐकतात.

पोहोचणे

दोन मार्ग आहेत. मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गावर सँ-पोल हे स्थानक आहे. लूव्र, काँकोर्द किंवा गार द लिओं यांपैकी कोठूनही थेट येता येते. तेथून सँ-पोल रस्ता थोडा शोधावा लागतो आणि तो नदीच्या दिशेने जवळजवळ संपेपर्यंत चालावे लागते. मला स्वतःला दुसरा मार्ग सोयीचा वाटतो. ७ क्रमांकाच्या मार्गावरील सुली-मोर्लाँ स्थानकावर उतरावे, नदीकाठाच्या बाजूने सँ-पोल रस्त्याच्या तोंडाशी यावे आणि तेथून आत शिरावे. यामागे एक युक्ती आहे, जी पॅरिसमध्ये सर्वत्र उपयोगी पडते. सेन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक नदीच्या टोकापासून सुरू होतात, आणि नदीकडे पाठ करून चालताना विषम क्रमांक डाव्या हाताला असतात. त्यामुळे ११ क्रमांक लगेच, डावीकडे सापडतो. बडोद्यात आपण ‘न्यायमंदिराच्या समोर, अमक्या फरसाणवाल्याच्या बाजूला’ असे पत्ते सांगतो. पॅरिसला नुसत्या आकड्यावर भागते.

१ क्रमांकाच्या मेट्रोत खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. पारपत्र व पैसे अंगालगतच्या पिशवीत ठेवावेत. वाट्या-गोळ्यांच्या खेळाचे एक जुने चित्र प्रसिद्ध आहे. सुमारे १५०० सालचे ते चित्र चित्रकार हिएरोनिमस बॉशच्या नावाने ओळखले जाते. त्यात टेबलावर वाकून जादूगाराचा खेळ पाहणाऱ्या माणसाच्या मागे एक सभ्य दिसणारा गृहस्थ आकाशाकडे पाहत उभा आहे आणि त्याच वेळी पुढच्या माणसाची पैशांची थैली काढून घेत आहे. पाचशे वर्षांत या शास्त्रात फारसा फरक पडलेला नाही.

संग्रहालय तळघरात असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात. आत उजेड मंद असतो, दगडी जमीन सर्वत्र सपाट नसते, आणि उन्हाळ्यातही तेथे गारवा जाणवतो. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा चाकाची खुर्ची लागते त्यांनी आधी विचारून घ्यावे. एक हलकी शाल जवळ असावी. आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणावे. तेथे हे न म्हणणे म्हणजे आपल्याकडे कोणाच्या घरी जाऊन चपला न काढण्यासारखे आहे.

आधी खेळ, मग कपाटे

प्रवेशशुल्कात एक छोटा प्रत्यक्ष खेळ धरलेला असतो. तिकीट घेतानाच पुढचा खेळ किती वाजता हे विचारावे आणि शक्य असेल तर वस्तू पाहण्याआधी खेळ पाहावा. चावीच्या बाहुल्यांच्या दालनासाठी जोडतिकीट मिळत असेल तर ते घ्यावे. छायाचित्रे काढण्याबाबतचे नियमही येथेच विचारावेत; प्रत्यक्ष खेळ चालू असताना मोबाइल वर करू नये, हा नियम मात्र विचारण्याची गरज नाही.

खेळ फ्रेंचमध्ये असतो. भाषा कळत नसल्याची खंत बाळगू नये. उलट तो एक फायदाच आहे, हे मला उशिरा उमगले. जादूगाराचे बोलणे हे त्याच्या हत्यारांपैकी एक असते. त्या बोलण्याने तो आपले डोळे हव्या त्या ठिकाणी वळवतो. ज्याला बोलणे कळत नाही त्याच्यावर हे हत्यार अर्धेच चालते. मी त्या दिवशी शब्दांकडे लक्ष न देता जादूगाराच्या मानेकडे पाहत बसले, आणि ध्यानात आले की तो ज्या हाताकडे स्वतः पाहतो त्याच हाताकडे सारी बाके पाहतात. गोळा कोठे गेला हे तरीही कळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

त्याने मुलाला पुढे बोलावले तर जाऊ द्यावे. ‘आम्हांला भाषा येत नाही’ म्हणून मागे ओढू नये. पत्ता उचल, मूठ मिट, फुंकर मार, एवढेच सांगितले जाते आणि ते हातवाऱ्यांनी समजते. खेळ संपल्यावर ‘हे कसे केले?’ असे मात्र विचारू नये. तो तेथील माणसांच्या पोटाचा धंदा आहे. त्याऐवजी ‘ही वस्तू कोणत्या काळातली?’, ‘ही कोण वापरत असे?’, ‘हिचा आवाज कसा येतो?’ असे विचारावे. अशा प्रश्नांवर माणसे खुलतात, आणि कधी कधी न विचारलेले सांगून टाकतात.

वस्तू पाहण्याची रीत

आता मुख्य गोष्ट. जादूच्या प्रत्येक वस्तूला दोन बाजू असतात: एक प्रेक्षकाची आणि एक जादूगाराची. कुंभाराच्या मडक्याला किंवा महाराजांच्या तलवारीला अशा दोन बाजू नसतात. म्हणून बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालय पाहण्याची आपली सवय येथे तोकडी पडते. प्रत्येक कपाटासमोर दोनदा उभे राहावे. पहिल्यांदा समोरून, चार पावले मागे, नाट्यगृहातील खुर्चीत बसल्याप्रमाणे. त्यानंतर कपाटाच्या कडेला जाऊन, तिरक्या नजरेने, शक्य तितके जवळून.

एका कपाटातील छोट्या लाकडी पेटीसमोर मी या रीतीने पाच-सात मिनिटे उभी होते. समोरून पाहता ती दागिन्यांची साधी पेटी, एक खण असलेली. नक्षी अगदी बेताची, आणि तीही पुढच्या अंगाला. कडेने पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. खणाची आतली खोली बाहेरून वाटते तेवढी नसावी, कारण तळाची फळी जाड दिसत होती. आणि मागच्या एका कोपऱ्यातील पॉलिश अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत उडून लाकूड काळपट गुळगुळीत झाले होते. पुढचे अंग मात्र नव्यासारखे होते. कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यावर टेकत आला होता आणि त्या काळातल्या प्रेक्षकाने तो कोपरा एकदाही पाहिला नव्हता. आत कोणती कळ आहे ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही तेथे राहिली नाही. जादूगाराचे सारे काम त्या झिजलेल्या डागात होते.

म्हणून मुलांना सांगावे की रहस्य शोधू नका, झीज शोधा. पेटीचे कडी-कोयंडे, दोरीने पडलेले वळ, पुन्हा पुन्हा रंगवलेले कोपरे. आपल्या जुन्या नाटक कंपन्या पडदे, शिरपेच आणि रंगपेट्या पेटाऱ्यांत भरून गावोगाव हिंडत. जादूगारांचेही तसेच होते. जी वस्तू घडी होते, जिला मुठी आहेत, ती गाडीत चढण्यासाठी बनवलेली आहे. जी नाजूक आणि अवजड आहे ती एकाच नाट्यगृहासाठी.

अशा एका नाट्यगृहाची कथा येथे थोडी विस्ताराने सांगते, कारण तिच्याशिवाय चावीच्या बाहुल्या आणि आरसे समजत नाहीत. रोबेर-उदँने १८४५ साली पॅरिसच्या पॅले-रॉयालमध्ये आपले छोटे नाट्यगृह उघडले. तोपर्यंतचे बरेच जादूगार लांब झगा, टोकदार टोपी, झाकलेली टेबले आणि मेणबत्त्यांची रास अशा थाटात येत. याने मोजके सामान असलेला बैठकीच्या खोलीसारखा मंच मांडला आणि प्रेक्षकांतील गृहस्थांसारखाच संध्याकाळचा साधा काळा पोशाख घातला. त्याचे एक संत्र्याचे झाड होते. प्रेक्षकाकडून घेतलेला रुमाल नाहीसा होई, झाडाला फुले येत, फळे धरत, ती खरी संत्री प्रेक्षकांत वाटली जात, आणि शेवटच्या फळातून दोन यांत्रिक फुलपाखरे तो रुमाल उचलून वर येत. या खेळात किती घड्याळजी आणि किती जादूगार, हे ठरवता येत नाही. चावीच्या बाहुल्यांच्या दालनात याच घड्याळी विद्येचे नमुने पाहायला मिळतात. तेथील बाहुली सुरू झाल्यावर तिच्या चेहऱ्याकडे न पाहता मान आणि पापणी हलण्यातील अंतर पाहावे. कारागिराची परीक्षा तेथे होते.

१८४७ साली त्याने आपल्या मुलाला एका काठीच्या टोकाशी कोपर टेकवून हवेत आडवा तरंगत ठेवला. त्याच्या थोडेच आधी, १८४६ च्या शरदात, ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करता येते ही बातमी अमेरिकेतून जगभर पोहोचली होती. उदँने गंभीर चेहऱ्याने सांगितले की दाट ईथरमुळे देह हलका होतो, आणि पडद्यामागे ईथर तापवून त्याचा वास नाट्यगृहात पसरू दिला. वास खरा आणि कारण खोटे, अशी ही जोडी होती. पोशाख, वास, शेजारच्या टेबलाची उंची अशा बाजूच्या गोष्टींकडे पाहण्याची सवय येथे लावून घ्यावी.

उदँच्या त्या खेळाआधी साधारण पंधरा वर्षे मद्रासमधील शेषल नावाच्या एका ब्राह्मणाची हवेत बसल्याची वर्णने व चित्रे इंग्लंडात छापली गेली होती, आणि भारतीय वाचकांनी जाहिरातींची भिंत पाहताना हे आठवावे. पगडी, नाग, देऊळ आणि तरंगती तरुणी असलेली युरोपी-अमेरिकी भित्तिपत्रके जादूच्या संग्रहांत हमखास भेटतात. अंगाला रंग लावून ‘हिंदू फकीर’ बनणारे गोरे जादूगार एकोणिसाव्या शतकात कमी नव्हते. त्या चित्रांवर रागावण्यात अर्थ नाही आणि फुशारकी मारण्यातही नाही. आपल्या देशातील कोणती खरी कला त्यांनी पाहिली आणि कोणती निव्वळ कल्पना केली, हे वेगळे करत जाणे जास्त मनोरंजक आहे. उदाहरणार्थ दोरीचा खेळ, ज्याबद्दल तुम्ही भारतातून आलात हे कळताच तेथे कोणीतरी हमखास विचारते. दोरी हवेत ताठ उभी राहते, मुलगा वर चढून दिसेनासा होतो, ही गोष्ट १८९० च्या ऑगस्टमध्ये शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्रातील एका बातमीमुळे जगभर गेली. ती बातमी बनावट होती अशी कबुली त्याच वृत्तपत्राने काही महिन्यांनी दिली, पण कबुली फारशी कोणी वाचली नाही. हे उत्तर तयार ठेवावे.

याला एक गमतीदार उलट बाजूही आहे. पॅरिसच्या घड्याळजीने जादूगाराचा झगा उतरवला, आपल्याकडे पी. सी. सरकार यांनी मात्र शेरवानी, तुरा आणि फेटा चढवून महाराजाचा वेश घेतला आणि त्या वेशात जग फिरले. बडोद्यासारख्या खऱ्या महाराजांच्या गावात वाढलेल्या माणसाला त्याचे विशेष वाटत नाही, पण लंडन-पॅरिसच्या प्रेक्षकांसाठी तो वेश म्हणजे अर्धा खेळ होता.

आरशांबद्दल थोडक्यात. नजर फसवणारे आरसे व चित्रे मुलांना सर्वांत जास्त आवडतात आणि तेथे रांग लागते. म्हणून ती शेवटी ठेवावीत. एवढे पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्या दालनात यावे आणि सुरुवातीला घाईने ओलांडलेल्या एका कपाटासमोर उभे राहावे. दुसऱ्यांदा ते वेगळे दिसते.

एकूण दोन ते तीन तास धरावेत. सहा वर्षांखालील मुले अंधारात कंटाळतात किंवा घाबरतात. त्यांना खेळ दाखवून एका मोठ्या माणसाने बाहेर न्यावे हे बरे.

बाहेर पडल्यावर

भूक लागलेली असते. चालत थोड्या अंतरावर, मारे वस्तीतील रोझिए रस्त्यावर, हरभऱ्याच्या डाळवड्यासारखे फलाफल मिळते. शाकाहारी माणसाचे तेथे पोट भरते, जरी आपल्या शेव-उसळीचा झणका त्यात नसतो. ही ज्यू लोकांची जुनी वस्ती असल्याने शनिवारी तेथील अनेक दुकाने बंद असतात. बुधवार निवडण्याचे हे आणखी एक कारण.

पायांत त्राण असेल तर सुली-मोर्लाँहून ७ क्रमांकाच्या मेट्रोने ओपेरा स्थानकावर जावे. तेथून जवळच, बुलवार दे काप्युसीन या हमरस्त्यावरील १४ क्रमांकाच्या इमारतीवर, २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी येथे तिकीट लावून पहिला सिनेमा दाखवल्याची पाटी आहे. मेलिएस त्या प्रेक्षकांत होता. पुढे त्याच रांगेत चालत गेल्यावर बुलवार दे-झिताल्याँ लागतो, जेथे ८ क्रमांकावर त्याचे, मधल्या काळात पॅले-रॉयालहून हलवलेले, रोबेर-उदँ नाट्यगृह होते. ते १९२० च्या दशकात नवा रस्ता काढताना पाडले गेले, त्यामुळे पाहण्यासारखे काही नाही. तरीही तेथे दोन मिनिटे थांबावे. १८९६ साली मेलिएसने ब्युआतिएचा नाहीशा होणाऱ्या स्त्रीचा खेळ चित्रित केला तेव्हा त्याला ना चोरदार लागले, ना कळीची खुर्ची. कॅमेरा थांबवला, स्त्री उठून गेली, कॅमेरा पुन्हा सुरू केला. जादूगाराची बाजू आता यंत्राच्या आत गेली होती. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांनी जी दृश्ये घेतली त्यांची बीजे येथली आहेत.

आणखी एक दिवस हाती असलेल्यांनी बर्सी भागातील सिनेमातेक फ्रान्सेझ या चित्रपटसंस्थेत मेलिएसला वाहिलेले संग्रहालय पाहावे, किंवा ऑस्टरलिट्झ स्थानकावरून आगगाडीने ब्ल्वाला जावे. दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर तेथे राजवाड्यासमोर रोबेर-उदँच्या नावाचे जादूघर आहे, १९९८ साली उघडलेले, आणि त्याच्या खिडक्यांतून ठरावीक वेळाने सोनेरी ड्रॅगनची डोकी बाहेर येतात. ते आकाराने मोठे आणि अधिक चकचकीत आहे. मला वैयक्तिकरीत्या तळघर जास्त भावले. थंडीच्या महिन्यांत ब्ल्वाचे जादूघर बंद असते, तेव्हा तारखा पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये.

परतीच्या सामानाबद्दल एकच सूचना. संग्रहालयाच्या दुकानात छोटे खेळ विकत मिळतात. मुलाला पत्त्यांचा किंवा दोरीचा खेळ घेऊन द्यावा. धातूच्या वाट्या, कड्या किंवा नाणी घेतलीत तर ती हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाकावीत. आमच्या नातवाने पितळी वाट्या हट्टाने पाठीवरच्या पिशवीत ठेवल्या, आणि विमानतळाच्या तपासणीत त्या बाहेर काढून कसल्या आहेत ते विचारले गेले. भाषा येत नसल्याने त्याने तेथल्या पट्ट्यावरच तीन वाट्या पालथ्या घातल्या, एका वाटीखाली लोकरीचा गोळा ठेवला आणि त्या फिरवल्या. गणवेशातल्या बाईंनी मधल्या वाटीवर बोट ठेवले. गोळा तेथे नव्हता.